हजेरीचे उखाणे

मार्च महिना लागला की नगरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. घरोघरच्या गच्चीवर कुरडया वाळत पडतात आणि रस्तोरस्ती खडी पडते. वर्षभर ज्या खड्ड्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं, त्याच्याबद्दल मार्चअखेरीला सरकारच्या पोटात एकाएकी माया दाटून येते. यंदा ती माया आमच्या फाटकासमोर येऊन सांडली. ट्रकचा फाळका उघडला, धडाडा खडी कोसळली, पांढरा धुरळा उठला आणि थेट गच्चीवरच्या कुरडयांवर जाऊन बसला. आमच्या मंडळींनी वरूनच ट्रकवाल्याचा असा काही उद्धार केला की तो बिचारा पावती न देताच पळाला. मी मात्र फाटकाशी नाक वर करून उभा होतो. "आता तिथं काय हुंगताय?" वरून विचारणा झाली. आता हिला काय सांगू?

ताज्या फुटलेल्या दगडाला वास असतो. कोरडा, गरम, जरासा काडेपेटीच्या गुलासारखा. तो नाकात शिरला की मी सत्तरी ओलांडलेला पेन्शनर राहत नाही. मी तिसगावच्या पलीकडच्या माळावर राहुटीत बसलेला हंगामी कनिष्ठ कारकून होतो. डोक्याला टॉवेल, खिशाला शाईचा डाग आणि समोर मायंदाळ माणसं. ते बाहत्तर-त्र्याहत्तरचं दुष्काळी वर्ष. दुष्काळाच्या आठवणीनं हसू यावं हे काही बरं नव्हे, एवढं मलाही कळतं. पण येतं, त्याला माझा काय इलाज?

माझं घर श्रीरामपूरचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. श्रीरामपूर म्हणजे पाटाच्या पाण्याचं गाव. ऊस, कारखाने, मालगाड्या. उन्हाळ्यातही डोळ्यांना हिरवं दिसायची सवय. नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं, "शमुवेल, सरकारी नोकरीत एकच पथ्य पाळ. नवीन काही करायचं नाही. जुनं आहे ते सांभाळायचं. नवीन करणाऱ्याची बदली होते." वडील शहाणे होते. पण माझे हात उपजतच शिवशिवणारे. समोर फळा दिसला की त्यावर काहीतरी लिहावंसं वाटणार, आणि बंद डबा दिसला की उघडून बघावासा वाटणार. आई म्हणायची, या पोराला सरकारनं घेतलंय, आता सरकारचं काही खरं नाही.

एस.टी.नं तिसगावला उतरलो तेव्हा असं ऊन होतं की सावलीलासुद्धा सावलीला जावंसं वाटावं. माळावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. लांबवर गर्भगिरीचे उघडे डोंगर, अलीकडे खोदलेली माती, आणि त्या मातीत आसपासच्या गावांतली माणसं. घरची जमीन असलेले कुणबीसुद्धा त्या साली पाटी-फावडं घेऊन आले होते, कारण जमिनीत ढेकळांशिवाय काही नव्हतं. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या नाहीतर खडी फोडायच्या. माझं काम हजेरीचं. सकाळी सगळ्यांची नावं लिहायची, आली-न आली बघायचं, आणि दिवसभर राहुटीत बसून घाम पुसायचा.

त्या राहुटीला दार नव्हतं. एक फाटका पडदा होता, तोही वाऱ्यानं कायम वर उडालेला. आणि अशा राहुटीपुढे सरकारी पाटी रोवलेली: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' मी दोन दिवस ती पाटी सहन केली. तिसऱ्या दिवशी खडू घेतला आणि खाली लिहिलं: 'ऊन लागल्यास यावे.' झालं! दुपारी आत पाय ठेवायला जागा नाही. वाचता येणारे थोडेच होते, पण जो वाचायचा तो दहाजणांना सांगायचा. माझा पाण्याचा माठ तासाभरात रिकामा. रंभाजी मुकादम धावत आला. हा माणूस मनानं निर्मळ, पण सरकारला भ्यायचा ते अगदी भुताला भ्यावं तसं. "आवो भाऊसाहेब," तो म्हणाला, "पाटी सरकारची हाय. तिच्यावर लिवायचं नसतं!" मी म्हटलं, "मुकादम, वरचं सरकारचं आहे, खालचं माझं आहे. सरकारच्या अक्षराला मी हातसुद्धा लावलेला नाही." तोही आत येऊन सावलीला बसला.

मग हात मोकळेच सुटले. फोडलेल्या खडीच्या ढिगांना सरकारी आकडे होते. आकड्यांत कुणाचा जीव गुंतणार? मी चुन्याच्या पाण्यानं ढिगांवर नावंच घालून टाकली. आठवड्यातला सगळ्यात उंच ढीग 'कळसूबाई'. सगळ्यात बसका ढीग 'मुकादमाचं पोट'. आपल्या ढिगाला मुकादमाचं पोट म्हणू नये एवढ्यासाठी बाया अशा काही हातोडे चालवू लागल्या की रंभाजी एकीकडून रुसलेला आणि दुसरीकडून खूश. पोटावर हात फिरवत म्हणायचा, "माझ्या पोटापायी सरकारचं काम हुतंय, हुऊ द्या."

आज वाटतं, एवढी थट्टा त्या माणसांनी खपवून कशी घेतली? भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, तीही थापताना तुटणारी. दुपारी सरकारी सुकडीचा कोरडा भुगा मिळायचा, तो घशात अडकायचा. पाणी टँकरचं, त्याला टँकरचीच चव. तरी हसायचं निमित्त मिळालं की ती माणसं सोडत नसत. मला वाटतं मी त्यांना हसवत नव्हतोच. ती हसायला तयारच बसलेली होती, मी फक्त जागा करून दिली.

पण खरी गंमत हजेरीची.

हजेरीपटावर बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहायचं, असा दंडक. आणि नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, हा त्याहून जुना दंडक. या दोन दंडकांच्या मध्ये माझी रोज सकाळ भरडून निघायची. माणसं कामावर बदलती, कधी ही टोळी, कधी ती. त्यामुळे नावं रोज नव्यानं विचारावी लागत.

"नाव?"

"हिराबाई."

"नवऱ्याचं?"

हिराबाई पदर दातात धरणार आणि मागच्या बाईला कोपरानं ढोसणार. "सांग की गं."

मागची म्हणणार, "मला बाई त्यांचं मोठ्ठं नाव ठावं न्हाई. आमी आपलं बाळ्याचा बा म्हनतो."

"बाळ्याचा बा असं लिहू का?"

"इश्श्य! लिवू नगा."

मग पार शेवटच्या बाईपर्यंत चौकशी जायची आणि तिथून 'तुकाराम' हे नाव हातोहात पाटीसारखं माझ्यापर्यंत यायचं. तोवर ऊन डोक्यावर. पुरुषांचं खोदकाम सुरू होऊन घटका उलटलेली असायची आणि बाया अजून रांगेत. रंभाजी कपाळ बडवून घ्यायचा.

एका सकाळी मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "असं नाव घेता येत नसेल तर उखाण्यात घ्या. लग्नात घेतलंच होतं ना? मग इथं घ्यायला काय झालं?"

रांगेत एकदम खुसखुस. हिराबाई मुळात चावट. अंगानं सडपातळ, जिभेला हाड नाही. तिनं कमरेवर हात ठेवले, पुरुषांच्या टोळीकडे एक नजर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"लाल मिलोची भाकर थापता थापता तुटली,
तुकारामांची खोड मातुर आजून न्हाई सुटली!"

कसली खोड ते तिनं सांगितलं नाही. पण तिकडं खोदकामातला तुकाराम कुदळ टाकून जो पाठमोरा झाला तो दुपारपर्यंत तसाच. सगळा माळ हसत होता. पुढची बाई आता कशाला मागं राहते?

"पाटीखाली चुंबळ, चुंबळीखाली पदर,
बाबूरावांचं नाव घेते, करा भाऊसाहेब कदर!"

मी कदर केली. त्या दिवशी रांग निम्म्या वेळात संपली. दुसऱ्या दिवसापासून बाया रात्री घरी उखाणे जुळवून येऊ लागल्या. कामाला जातोय की लग्नाला, अशी चाल. पुरुषांची पंचाईत झाली. आपल्याविषयी आज काय निघतंय या धास्तीनं काहीजण घरी नीट वागू लागले, असं मला बायांनीच सांगितलं. एकीनं मला विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्यात घेत्यात का वो उखाने?" मी म्हटलं, घेतात की. माझ्या आईचाच आहे:

"मळ्यामध्ये मोट चाले, देवळामध्ये घंटा,
मास्तरांचं नाव घेते, मिटला आता तंटा."

"कसला तंटा?" हिराबाईनं लगेच विचारलं. ते मला आजतागायत माहीत नाही.

ठकुबाई मात्र उखाणा घेत नसे. वयानं रांगेतली सगळ्यात मोठी. कपाळ मोकळं. गुडघे कामातून गेलेले, पण बसल्या जागी हातोडा असा चालायचा की तरण्या बायांनी बघत राहावं. तिची पाळी आली की ती नवऱ्याचं नाव सरळ, सणसणीत घ्यायची. "सावळेराम! लिवा. मेल्या मानसाचं नाव घ्यायला काय भ्यायचं? वर त्याला ऐकू येत आसंल तर येऊ द्या." यावरसुद्धा हशा.

आणि तिच्या मागे उभी असायची तिची लेक, सगुणा. तिशीच्या आतबाहेरची. सगळ्यांच्या उखाण्यांना हसायची, टाळ्या द्यायची, पण स्वतःची पाळी आली की चेहरा बंद.

"नाव?"

"सगुना."

"पुढं?"

"फुडं काय न्हाई."

पहिल्यांदा मला वाटलं लाजते आहे. मी म्हटलं, "अहो, घ्या की उखाण्यात. नवऱ्यानं टाकली म्हणून काही..." कुणीतरी तसं माझ्या कानात सांगितलं होतं. सगुणानं माझ्याकडं असं पाहिलं की माझं वाक्य तिथंच राहिलं.

"त्यानं न्हाई टाकली, भाऊसाहेब. म्या टाकला त्याला."

मग ती हळू आवाजात बोलली. मागच्या कामावर तिनं नियमाप्रमाणं नवऱ्याचं नाव लावलं होतं. पगाराच्या दिवशी तोच येऊन उभा राहिला, हे बघा माझं नाव, म्हणाला, आणि तिच्या आठवड्याची मजुरी घेऊन गेला. जाताना तिला चारचौघांत दोन ठेवूनही गेला. "दगड म्या फोडायचं अन् नाव त्याचं? एकदा नाव लावलं की मानूस मागं येतो. मला त्याचं नाव नगं. काम पायजे."

मी म्हटलं, वडिलांचं लिहू? तर रंभाजी मध्येच, "लगीन झालेल्या बाईला बापाचं नाव कसं लावता यील, भाऊसाहेब?" आणि सगुणाही म्हणाली, "बापानंच तर दिली त्याला, बघून-सवरून. मी रडत माघारी आले तवा दारातनं परत लावली. त्याचंबी नगं."

तर त्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही. मोकळा सोडला. रोज रंभाजी त्या मोकळ्या जागेकडे बघायचा आणि त्याला घाम फुटायचा. "साहेब येतील, भाऊसाहेब. साहेब आले की पयलं हेच बघतील. मोकळा रकाना दिसला की बाई कामावरनं कमी! मागं त्या पलीकडल्या कामावर झालंय तसं." ते खोटं नव्हतं. सगुणा कमी झाली तर घरात उरणार एकटी ठकुबाई, आणि तिच्या त्या गुडघ्यांवर दोघींचं पोट. सगुणालाही ते ठाऊक होतं. रोज सकाळी मी रकाना मोकळा सोडला की ती एक श्वास सोडायची आणि हातोडा उचलायची. आजचा दिवस गेला.

मध्यंतरी मी त्या माळावर जाऊन आलो. नातवानं गाडीनं नेलं. तलाव आहे. अर्धा गाळानं भरलाय, काठाला वेड्या बाभळी माजल्यात, पण पाणी होतं आणि त्यात म्हशी डुंबत होत्या. नातू म्हणाला, "आजोबा, हे तुम्ही बांधलं?" मी म्हटलं, छे रे, मी फक्त बायांना नवऱ्यांची नावं विचारत होतो. त्याला वाटलं म्हातारा चळला.

आता साहेबांचं सांगतो.

आमचे साहेब म्हणजे मोठे इंजिनियर. ते येणार, येणार, असं रोज सांगितलं जायचं आणि ते यायचे नाहीत. पण त्यांची खुर्ची आलेली होती. हातांची, वेताची, पाठीला पांढरा शुभ्र टॉवेल घातलेली. ती खुर्ची राहुटीशेजारच्या लिंबाखाली, माळावरच्या एकुलत्या एका दाट सावलीत मांडून ठेवायची, असा रंभाजीला हुकूम होता. तो रोज सकाळी टॉवेल झटकून नीट घालायचा. आणि दिवसभर त्या सावलीत रिकामी खुर्ची बसलेली असायची, आणि माणसं उन्हात.

हे बघून हात शिवशिवणार नाहीत तर काय! मी दुपारच्या सुट्टीत नवा पायंडा पाडला. जेवणाच्या वेळेपुरता रोज एक 'आजचा साहेब'. ज्याची पाळी असेल त्यानं त्या खुर्चीत, टॉवेलाला पाठ टेकून बसायचं. आणि त्याला एक हुकूम काढायचा अधिकार. एकच. तो हुकूम सगळ्यांनी पाळायचा. रंभाजीनं तीन दिवस विरोध केला. चौथ्या दिवशी त्याची पाळी लावली. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि हुकूम काढला: "मला कुनी उठवू नगा." तेव्हापासून तोही आमच्यातला.

काय काय हुकूम निघाले! तुकारामानं हुकूम काढला की आज उखाण्यात माझं नाव येता कामा नये. बाबूरावानं काढला की सगळ्यांनी आपल्या भाकरीतला घास शेजारच्याला द्यायचा. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचं कालवण चाखलं आणि कुणाच्या घरी किती तिखट पडतं ते उघडं झालं. हिराबाईनं काढला की पुरुषांनी दुपारची भांडी घासायची. घासली. तो दिवस माळावरच्या बाया अजून सांगत असतील.

ज्या दिवशी ठकुबाईची पाळी आली, त्या दिवशी ती आधी बसायलाच तयार नव्हती. "मला बाई आवघडल्यागत हुतं." पण बायांनी धरून बसवली. बसल्यावर तिनं टॉवेल हातानं चाचपून पाहिला, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, पाय जमिनीला पोचत नव्हते ते जरा हलवले, आणि तोंडभर हसली. "लई गार वाटतंय की गं हितं."

"हुकूम! हुकूम काढा!" बाया ओरडायला लागल्या.

"थांबा. साहेब लोक इचार करून बोलत्यात."

आणि नेमकी मातीच्या ढिगामागून जीप आली.

आधी कुणाला काही कळलंच नाही. जीप थांबली, धुरळा खाली बसला, आणि त्यातून साहेब उतरले. उंच, हडकुळे, डोक्यावर हॅट, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत ठकुबाई. तिनं उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती अर्धी उठली आणि परत बसली. रंभाजीचा चेहरा मिलोच्या भाकरीसारखा लाल झाला. माझं म्हणाल तर मला वडिलांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"हे काय चाललंय?" साहेब.

खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. सुचलंच नाही. म्हणून सगळं खरं सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, आजचा साहेब, एक हुकूम. सांगताना ते मलाच पोरकट वाटायला लागलं. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हजेरीपट आणा," एवढंच म्हणाले.

आता रंभाजीला वाटलं, आपण तरी वाचावं. तो पुढं होऊन घडाघडा बोलून गेला. "साहेब, समदं बराबर हाय, एकच रकाना तेवढा मोकळा हाय, तो भाऊसाहेबांनी ठेवलाय, म्या सांगत हुतो रोज..." आणि बोलून झाल्यावर आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो सगुणाकडे बघेना.

साहेबांनी बोट फिरवत रकाना शोधला. "सगुणा कोण?"

ती पुढं आली. हातात हातोडा तसाच.

"नवऱ्याचं नाव काय?"

तिनं हातोडा या हातातून त्या हातात घेतला.

"बाई, मोकळा रकाना चालत नाही. नाव सांगा, नाहीतर तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. मी केलेला नियम नाही हा."

सगुणानं खाली पाहिलं. मला दिसत होतं, तिचे ओठ हलताहेत. आता ही त्याचं नाव घेणार, मी मनात म्हटलं, पोटासाठी घ्यावंच लागणार.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "भाऊसाहेब, माझा हुकूम राहिलाय न्हवं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ठकुबाईकडे पाहिलं. "काढा," ते म्हणाले.

ठकुबाई ताठ बसली. "माझ्या लेकीच्या नावाफुडं माझं नाव लिवा."

"आईचं?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "आईचं नाव कुणी लावतं का?"

"का? जल्म म्या दिला, माघारी आली तवा घरात म्या घेतली. हिच्या बापासंग भांडून घेतली. मंग माझं नाव का चालंना?"

साहेब काही बोलणार, इतक्यात सगुणानं मान वर केली. एवढ्या दिवसांत तिनं एकही उखाणा घेतला नव्हता. आता तिनं हातोडा खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि लग्नात उंबऱ्यावर उभं राहून घेतात तसा, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला:

"बापानं केलं उंबऱ्यापार, धन्यानं दिला मार,
ठकुबाईचं नाव घेते, तिनंच सोसला भार."

कुणी हसलं नाही. एवढे उखाणे त्या माळानं ऐकले, पण हसू न आलेला तेवढा एकच. हिराबाई पदरानं डोळे पुसत होती. साहेबांनी हजेरीपटावरचं बोट काढलं. मग त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"लिहा."

"काय लिहू, साहेब?"

"सांगितलं ना तिनं. ठकुबाई. सरकारी कागदात जागा मोकळी सोडू नये, एवढं कळत नाही तुम्हाला?" मग खुर्चीकडं वळून म्हणाले, "झाला तुमचा हुकूम?"

"झाला."

"मग उठा आता. मला बसायचंय."

"गुडघं उठू देत न्हाईत, बाबा. हात द्या."

साहेबांनी हात दिला. आणि मग ते खुर्चीत बसले, हॅट काढली, आमच्या माठातलं पाणी प्यायले, आणि माझ्याबद्दल शेरेबुकात शेरा मारला: 'कारकुनास समज द्यावी.' कुणी द्यावी ते लिहायचं राहिलं. रंभाजीनं विचार केला आणि म्हणाला, "मीच देतो. भाऊसाहेब, आसं करत जाऊ नगा." मी म्हटलं, बरं. समज देऊन झाली. मग तो सगुणापुढं जाऊन उभा राहिला, आणि तिच्या ढिगावर आपल्या हातानं चुन्यानं 'कळसूबाई' लिहून आला. अक्षरं सगळी वाकडी होती, पण ती रुसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीला बसलो. ठकुबाई झाली, सगुणा झाली. "सगुना ठकुबाई," ती म्हणाली आणि हातोडा घेऊन गेली. पाळी आली हिराबाईची. मी पेन शाईत बुडवून तयार. आज तुकारामाचं काय निघतंय म्हणून पुरुषही कान टवकारून.

हिराबाई म्हणाली, "भाऊसाहेब, लिवताना तुकारामच लिवा. पर मला आज आईचं नाव घ्यायचंय. निस्तं घ्यायचंय."

"घ्या की."

तिनं तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. मी वाट पाहिली. जिभेला हाड नसलेली ती बाई, तिला शब्द फुटेना. मला वाटलं उखाणा जुळत नाही. पण ती रांग सोडून, माती तुडवत, तिकडं खडीपाशी बसलेल्या ठकुबाईकडे गेली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली.

"मावशे, तू माझ्या म्हायारच्या गावची. माझी आई तू बघितलीया. मी पाळन्यात आसताना गेली ती. समदे तिला हिरीची आई म्हनायचे. मलाबी तेवढंच ठावं." ती थांबली. "तिचं नाव काय हुतं गं?"

ठकुबाईचा हातोडा थांबला. तिनं हिराबाईच्या गालावर धुळीनं पांढरा झालेला हात ठेवला.

"गिरजा," ती म्हणाली. "गिरजा हुतं, बाळा. लई ग्वाड गळा हुता तिचा."

"गिरजा," हिराबाई म्हणाली. उखाणा नाही, काही नाही. नुसतंच. मग परत एकदा म्हणाली. मग उठून रांगेत तिच्या जागी येऊन उभी राहिली, आणि तिच्यामागच्या बाईनं, मी न विचारताच, आपल्या आईचं नाव घेतलं, आणि तिच्या मागचीनं तिच्या आईचं. मी पेन खाली ठेवलं. लिहायला रकाना नव्हताच. रांग पार शेवटापर्यंत गेली आणि मग शेवटी उभा असलेला रंभाजी मुकादम, कुणाकडेही न बघता, खाकरला आणि म्हणाला, "भागीरथी."